फाटे मोजावेत की वर्षे? हरणांच्या कळप-व्यवस्थापनाच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

माझ्या हातात कधी बंदूक आलेली नाही आणि यापुढे येईल असेही वाटत नाही; तरीही गेल्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, अमेरिकेतील व्हाइट-टेल जातीच्या हरणांपैकी कोणता नर टिपावा आणि कोणता सोडून द्यावा हे शिकवणारा आठ आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी 14,500 रुपये भरून पूर्ण केला. पहिल्याच दिवशी माझ्या लॅपटॉपवर रायफल घेतलेला माणूस पाहून सासूबाईंनी विचारले, "अगं, आता हरणं मारायला शिकतेस की काय?" त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे देते.

मी अंधेरीजवळच्या एका महाविद्यालयात मत्स्यजीवशास्त्र शिकवते. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केले आणि त्याच सुमारास माशांच्या पन्नासहून अधिक जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमानही ठरवून दिले. लहान मासा सोडावा आणि वाढलेला धरावा, हे तत्त्व वर्गात सांगायला सोपे आहे. परंतु समुद्रात जाळे टाकणाऱ्याला मासा वर येईपर्यंत दिसत नाही, आणि वर आलेला लहान मासा बहुधा मेलेलाच असतो. हरणाच्या शिकाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला प्राणी आधी दिसतो, त्याची शिंगे दिसतात आणि बोट चापावर असताना निवड करण्याची मुभा असते. निवडक पकडीचा नियम मुळात चालतो की नाही हे तपासायचे असेल, तर याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण, या विचाराने मी नाव नोंदवले. संस्था परदेशी आहे. पुढे थोड्या तक्रारी येणार असल्यामुळे तिचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. असा कोणताही अभ्यासक्रम निवडताना काय पाहावे, एवढे वाचकाला कळले तरी माझे काम झाले.

पहिले दोन आठवडे हरणाच्या शरीरशास्त्राचे आहेत आणि ते प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला पटकन उरकता येतील. आपल्या मराठीत गाईच्या डोक्यावरचेही शिंग आणि चितळाच्या डोक्यावरचेही शिंगच, त्यामुळे एक गोष्ट मात्र मनाशी पक्की करून घ्यावी लागते. गाईचे, बकरीचे किंवा काळविटाचे शिंग जन्मभर टिकते आणि त्यावर नखासारख्या द्रव्याचे आवरण असते. हरणाचे शिंग मात्र अस्सल हाड असून ते दरवर्षी गळते आणि नव्याने उगवते. वाढीच्या काळात त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. व्हाइट-टेलमध्ये ही वाढ वसंतात दिवस मोठा होऊ लागला की सुरू होते, उन्हाळ्याच्या शेवटी मखमल सुकून गळते, नोव्हेंबरच्या आसपास माजाचा काळ येतो आणि हिवाळा संपता संपता शिंगे पडतात. शिंगाचा आकार वय, आहार आणि आनुवंशिकता या तिघांवर ठरतो. नियम करणाऱ्याला जपायचे असते ते वय, आणि शिकाऱ्याला दिसते ते शिंग. या दोहोंमधल्या अंतरावर सगळा अभ्यासक्रम उभा आहे.

खरी किंमत वसूल होते ती तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात. तेथे एक गणनतक्ता दिला जातो, ज्यात कळपातील माद्या, पाडसे आणि निरनिराळ्या वयाचे नर भरून शिकारीचे प्रमाण बदलत राहायचे असते. मी पहिल्यांदा दीड वर्षाचे 100 नर घेतले आणि दरवर्षी प्रत्येक वयाचे 80 टक्के नर मारले जातात असे धरले. नैसर्गिक मृत्यू बाजूला ठेवला तरी अडीच वर्षांचे 20 उरले, साडेतीन वर्षांचे 4, आणि साडेचार वर्षांचा जेमतेम एक. मग तेच प्रमाण 40 टक्क्यांवर आणले, तर हेच आकडे 60, 36 आणि 22 असे झाले. आकडेमोड शाळकरी आहे हे मान्य. पण चर्चगेटच्या धिम्या लोकलमध्ये मोबाइलवर हा तक्ता दोनदा चालवून पाहिल्यावर, कळपात प्रौढ नर का दिसत नाहीत या प्रश्नाचे उत्तर शोधायला जंगलात जाण्याची गरज नाही, हे माझ्या लक्षात आले.

याच तक्त्याने दुसरीही एक समजूत मोडली. नर कमी मारले की कळप फार वाढतो आणि जास्त मारले की आटोक्यात येतो, असे अनेकांना वाटते. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नरांची संख्या निम्मी केली तरी पुढच्या वर्षीच्या पाडसांच्या संख्येत विशेष फरक पडत नाही. कळपाचे आकारमान ठरते ते माद्या किती मारल्या यावर. नरांविषयीच्या नियमाने बदलते ती नरांची वयोरचना. पेनसिल्व्हेनिया राज्याने 2002 मध्ये शिंगांच्या फाट्यांची अट आणली, तेव्हा त्याच सुमारास माद्यांच्या शिकारीचे परवानेही वाढवले होते. त्यापूर्वी तेथे मारल्या जाणाऱ्या नरांपैकी सुमारे 80 टक्के नर दीड वर्षाचेच असत. नव्या अटीनुसार बहुतेक भागात एका बाजूच्या शिंगाला किमान तीन फाटे आणि जमीन अधिक सुपीक असलेल्या पश्चिम भागात चार फाटे असल्याशिवाय नर मारता येईना. पश्चिम भागातील नियमात पुढे भुवईजवळचा फाटा गणतीतून वगळण्यात आला, कारण झाडीत उभ्या असलेल्या नराचा तो फाटा धड दिसत नाही. नियम लिहिणाऱ्याने शिकाऱ्याच्या डोळ्यांचा इतका विचार केलेला पाहून मला आपल्याकडच्या जाळ्याच्या आसाविषयीचे, म्हणजे छिद्राच्या मापाविषयीचे, आदेश आठवले. पण तो विषय येथे नको.

पाचवा आठवडा हा या अभ्यासक्रमाचा कळस आहे, आणि त्यासाठी मी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना पूर्ण गुण देईन. मिसिसिपी राज्याने 1995 मध्ये राज्यभर चार फाट्यांचा नियम केला. दोन्ही शिंगे मिळून किमान चार फाटे असतील तोच नर मारता येईल, असे त्याचे स्वरूप होते. हेतू तरुण नर वाचवण्याचा होता. आता एकाच कळपातले दीड वर्षाचे दोन नर डोळ्यांसमोर आणावेत. एक लवकर जन्मला, त्याच्या आईला चारा भरपूर मिळाला आणि पहिल्याच खेपेला त्याच्या शिंगांना सहा फाटे फुटले. दुसरा दीड-दोन महिने उशिरा जन्मला आणि त्याच्या डोक्यावर नुसत्या दोन सरळ काड्या आल्या. वय दोघांचे एकच. नियमाप्रमाणे पहिला मारण्यास पात्र ठरतो आणि दुसरा सुरक्षित राहतो. असे वर्षानुवर्षे झाले की तरुणांतले सरस नर आधी उचलले जातात आणि मोठे होण्यासाठी मागे उरतात ते बेताचे. त्या राज्यातील संशोधकांना काही भागांत, विशेषतः सुपीक जमिनीच्या क्षेत्रांत, अडीच आणि साडेतीन वर्षांच्या नरांची शिंगे सरासरीने पूर्वीपेक्षा लहान झालेली आढळली. पुढे मिसिसिपीने फाटे मोजणे सोडून शिंगांमधले आतले अंतर किंवा मुख्य दांड्याची लांबी हे माप स्वीकारले.

टेक्सासने 2002 मध्ये सहा काउंटींमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये, सुरू केलेला नियम याच अडचणीवर बेतलेला आहे, आणि तो आता शंभराहून अधिक काउंटींमध्ये लागू आहे. दोन्ही शिंगांमधले आतले अंतर किमान 13 इंच, म्हणजे सुमारे 33 सेंटिमीटर असेल तो नर मारता येतो. किंवा ज्याचे निदान एक शिंग बिनफाट्याचे आहे तोही मारता येतो. मधला, म्हणजे फाटे फुटलेला पण अजून न रुंदावलेला तरुण नर वाचतो. हे 13 इंच कोठून आले याचे स्पष्टीकरण मला फार आवडले: त्या भागातील नर कान टवकारून समोर पाहत असला, की त्याच्या एका कानाच्या टोकापासून दुसऱ्या कानाच्या टोकापर्यंतचे अंतर सरासरी तेवढेच भरते. शिकाऱ्याला टेप लागत नाही. शिंगे कानांच्या बाहेर गेलेली दिसली की पुरे. मोजपट्टी प्राण्याच्या डोक्यावरच ठेवलेली असावी, याहून नियमाची चांगली रचना माझ्या पाहण्यात नाही.

यानंतर मात्र अभ्यासक्रम थोडा घसरतो. सहाव्या आठवड्यात "खराब" शिंगांचे नर वेचून काढल्याने कळपाची जात सुधारते का, या वादाला फक्त 40 मिनिटे दिलेली आहेत, तर त्याआधी दुर्बिणी आणि स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या माहितीला दोन तास. वास्तविक वाद मोठा आणि रंजक आहे. बिनफाट्याच्या शिंगांचा दीड वर्षाचा नर पुढेही मागेच राहतो असे सांगणारे संशोधन टेक्सासमध्येच झाले, आणि असे नर चार-साडेचार वर्षांचे होईपर्यंत बरोबरीला येतात असे सांगणारेही. शिवाय पाडसाच्या शिंगांचा निम्मा वारसा आईकडून येतो आणि आईच्या डोक्यावर तर शिंगेच नसतात. जुळ्या पाडसांचे बापही कधी कधी वेगवेगळे निघतात. आणि प्रौढ नर हजर असतानाही तरुण नर बऱ्याच पाडसांचे बाप होतात. मोकळ्या रानातल्या कळपात केवळ बंदुकीने निवड करून शिंगांची आनुवंशिकता बदलता येईल, ही आशा दक्षिण टेक्सासमध्ये काही वर्षे कसून वेचणी करूनही फळाला आलेली नाही. एवढ्या मजकुराला 40 मिनिटे म्हणजे अन्याय आहे.

वय ओळखण्याचे प्रात्यक्षिक मात्र मन लावून केलेले आहे. व्हाइट-टेलच्या खालच्या जबड्यातील तिसरी उपदाढ साधारण दीड वर्षापर्यंत दुधाची असते आणि तिला तीन उंचवटे असतात. ती पडून दोन उंचवट्यांची कायमची दाढ आली की प्राणी त्या वयापुढे गेला असे समजायचे. त्याहून मोठ्या प्राण्यांचे वय दाढांच्या झिजेवरून ठरवण्याची पद्धत 1949 मध्ये न्यू यॉर्क राज्यात मांडली गेली आणि ती अजून शिकवली जाते, जरी झीज खाण्यावर आणि जमिनीतल्या वाळूवरही अवलंबून असली तरी. दाताच्या मुळाशी असलेल्या थरांची वलये मोजणे हा अधिक नेमका मार्ग. ते चित्र पाहून मला घरच्यासारखे वाटले, कारण माशाच्या कानातला खडा कापून त्यातली वलये मोजायला मी दरवर्षी वीस मुलांना बसवते.

आता तक्रारी. थेट प्रश्नोत्तरांचा तास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मंगळवारी रात्री 8 वाजता असे, म्हणजे आपल्याकडे बुधवारी पहाटे साडेपाचला. ते निभावले. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात, हे संस्थेने परदेशी विद्यार्थ्यांना कळवले नाही. मी एका पहाटे चहाचा कप घेऊन रिकाम्या पडद्यासमोर पूर्ण एक तास बसले आणि प्राध्यापक आले तेव्हा मला कॉलेजची बस गाठायची होती. मापे सगळी इंच आणि पौंडांत आहेत आणि तक्त्यात ती बदलण्याची सोय नाही. हे किरकोळ झाले.

मोठी तक्रार सातव्या आठवड्याच्या गृहपाठाची आहे. आपल्या जवळपासच्या हरणांचा कळप पाहून नरांची नोंद करावी आणि गळालेले एक शिंग मिळवून त्याची मापे पाठवावीत, असा तो गृहपाठ होता. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि उद्यानात पडलेले शिंगही उचलून घरी आणता येत नाही, हे मी ईमेलने कळवल्यावर संग्रहालयातील नमुना चालेल असे उत्तर आले. आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात काचेच्या कपाटावर चितळाची एक जुनी जोडी आहे, कायद्याच्या आधीची, लाकडी ढालीवर ठोकलेली. प्रयोगशाळेतील मावशींनी शिडी धरली, मी ती धूळ झटकून खाली काढली आणि शिंप्याच्या टेपने मोजली. भुवईजवळ पुढे वळलेला एक फाटा, मग लांब मागे झुकून वर गेलेला दांडा, आणि टोकाला तो दुभंगून दोन, एकूण तीन. दुसऱ्या बाजूलाही तीन. तळाशी खडबडीत दाण्यांची कडा होती आणि त्यात जुनी वार्निश साठून काळी झाली होती.

येथेच खरी अडचण समोर आली. चितळाच्या प्रौढ नराला प्रत्येक शिंगाला तीन फाटे असतात, तो चार वर्षांचा असो की आठ, सांबराचेही तसेच. वाढते ती लांबी आणि जाडी, फाट्यांची संख्या नव्हे. अगदी कोवळ्या नराच्या पहिल्या सरळ काड्या सोडल्या, तर फाटे मोजण्याचा कोणताही नियम चितळाला लावला की प्रत्येक नर पात्र ठरतो. अभ्यासक्रमाच्या नावात "हरीण" हा व्यापक शब्द आहे आणि आत शिकवलेले सगळे एका जातीचे आहे, हे जाहिरातीत स्पष्ट लिहायला हवे होते.

कळप पाहायला मी डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेले. चालायला आलेल्या लोकांची वर्दळ मागे पडल्यावर, रस्त्यापासून थोडे आत, पानगळीच्या झाडांखाली अकरा चितळ चरत होते. त्यात तीन मोठे नर होते. एकाची शिंगे पूर्ण, कडक आणि टोकांना घासून पांढरी झालेली. दुसऱ्याची जाड, बोथट आणि मखमलीत गुंडाळलेली. तिसऱ्याच्या डोक्यावर नुकत्याच शिंग गळालेल्या जागी दोन लालसर ठसे. एका नजरेत तीन ऋतू. चितळांत नरांच्या शिंगांचे चक्र एकमेकांशी जुळलेले नसते आणि वर्षाच्या कोणत्याही महिन्यात कोणी ना कोणी कडक शिंगांचा असतोच, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही असे समोर उभे राहिलेले पाहून नोंदवही काढायची विसरले. गृहपाठाच्या अर्जात मात्र "शिंगांची अवस्था" या रकान्यात संपूर्ण कळपासाठी एकच पर्याय निवडता येत होता आणि डिसेंबरसाठी "मखमल" हा पर्यायच दिसत नव्हता. मी "कडक" निवडून खाली शेरा लिहिला. संगणकाने दहापैकी चार गुण दिले.

याविषयी लिहिल्यावर प्राध्यापकांनी स्वतः उत्तर पाठवले, ही जमेची बाजू आवर्जून सांगायला हवी. ते टेक्सासचे आहेत, आणि चितळ तेथे 1932 मध्ये नेऊन सोडलेला प्राणी आहे. आज तो तेथील रानात मोठ्या संख्येने आहे आणि परका प्राणी म्हणून त्याच्या शिकारीला बंद हंगाम नाही. त्यांनी आपल्या अंगणात आलेल्या चितळांचा फोटो पाठवला, त्यात एक मखमलीतला नर कुंपणाजवळ उभा होता. म्हणजे उत्तर त्यांच्या दारातच चरत होते आणि अर्ज मात्र व्हाइट-टेलचा! त्यांनी माझे गुण नऊ केले. हवाईत 1868 मध्ये मोलोकाई बेटावर भेट म्हणून पोहोचलेल्या चितळांचे वंशज आज तेथील कुरणांना व झाडोऱ्याला डोईजड झालेले आहेत आणि अंदमानातही बाहेरून नेलेल्या चितळांनी रोपांची वाढ खुंटवली आहे. अशा ठिकाणी नरांची निवड निरर्थक असते, माद्यांचा आकडाच हाताळावा लागतो, हेही त्यांनी त्याच पत्रात लिहिले. हे पत्र हाच खरा नववा धडा होता आणि तो अभ्यासक्रमात नाही.

शेवटच्या आठवड्यात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या मेंदूच्या रोगाविषयी नेमकी माहिती आहे. हा रोग 1967 मध्ये कोलोराडोतील एका संशोधन केंद्रात प्रथम लक्षात आला. प्रौढ नरांत त्याचे प्रमाण अधिक आढळते, आणि त्यामुळे मिसूरीसारख्या राज्याने रोगग्रस्त काउंटींत फाट्यांची अट काढून टाकली. तरुण नर वाचवून कळपात प्रौढ वाढवणारा नियम रोग फैलावण्यास मदत करू शकतो, हा पेच मांडून प्राध्यापक थांबतात, त्याचे सोपे उत्तर देत नाहीत. मला ते प्रामाणिक वाटले.

मी पाचपैकी साडेतीन तारे देते. वनविभागात काम करणाऱ्या किंवा प्राणिसंख्येचे गणित शिकवणाऱ्या माणसाने तिसरा, चौथा आणि पाचवा आठवडा जरूर पाहावा. ते तीनच सुट्टे विकत मिळाले असते तर मी पाच तारे दिले असते. निव्वळ हरणांची आवड असणाऱ्याने हे पैसे राखून ठेवून सोमवार सोडून कोणत्याही सकाळी बोरिवलीला जावे. प्रमाणपत्राची छापील प्रत हवी असल्यास टपालखर्च वेगळा पडतो, तो मी भरला नाही. अर्जातला रकाना पुढच्या तुकडीपासून सुधारतो असे आश्वासन मिळाले आहे. तक्ता जूनपर्यंत वापरता येतो, आणि मी त्यात इंचांच्या जागी मिलिमीटर व नरांच्या जागी पापलेट घालून दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिला आहे. दोघांना तो बरोबर चालवता आला, बाकीचे अजून 80 टक्क्यांवर अडकले आहेत.